पोटाचा तुकडा कोण घेणार?

कातडं मीटरवर मिळत नाही. कातड्याच्या वस्तू हाताने करायच्या छंदात पडलेल्या माणसाची पहिली अडचण हीच. कापडवाला सव्वा मीटर फाडून देतो, वखारवाला फळी कापून देतो. पण धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडलगतच्या कातड्याच्या दुकानात शिरलं की समोर उलगडते ती अख्खी साइड, म्हणजे कण्यावरून उभी चिरलेली म्हशीची अर्धी खाल. साधारण १५ ते २० चौरस फूट. उलट्या बाजूला कोपऱ्यात आकडा लिहिलेला असतो : १८, आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा ३. अठरा फूट आणि वर तीन पाव, म्हणजे पावणेएकोणीस. पाव फुटाचाही हिशेब चोख ठेवणाऱ्या या बाजारात पाव फूट कापून मात्र कुणी देत नाही. आणि मला हवं असतं चष्म्याच्या घरापुरतं.

म्हणून आमचे वाटे लागतात. कोळीण मासळीचे लावते तसेच, फक्त इथे मांदेली-बोंबलांऐवजी पाठ, खांदा आणि पोट. गोदीतून निवृत्त झालेले फिटर काका, डोंबिवलीच्या चित्रकलेच्या बाई, दातांचे एक डॉक्टर, वसईचा मोटरसायकलवेडा मुलगा आणि मी. पाचजण मिळून एक साइड घ्यायची आणि कुणाच्या तरी घरी जमिनीवर पसरून वाटून घ्यायची, असं आमचं बरेच दिवस चाललंय. पहिल्यांदा वाटे केले तेव्हा कळलं की चौरस फूट सारखे पडले म्हणून वाटे सारखे होत नाहीत. पाठीचा आणि मागच्या पुठ्ठ्याचा भाग घट्ट, एकसारखा असतो. पट्टा, बॅगेचा बंद असलं ताण सोसणारं काही करायचं तर तोच हवा. खांद्याला सुरकुत्या असतात, पण नक्षी उठवायला तो बरा. पोटाकडचं कातडं सैल आणि ओढलं की लांबतं. त्याचा पट्टा केला तर वर्षभरात एक भोक वाढवावं लागतं, आणि तेही पोटाचा घेर न वाढता.

पोट कुणालाच नको असतं. त्यावर आम्ही नियम केले. धारावीला जाऊन साइड निवडून आणेल त्याने आधी तुकडा निवडायचा, पोट घेईल त्याला निम्मा भाव, आणि उरलेलं कात्रण सगळ्यांच्या सामाईक पेटीत. नियम साधे वाटतात, पण त्यांच्यावर वाद झालेले आहेत. काकांचं म्हणणं असं की, निवडून आणणाऱ्याचा हक्क पहिला असला तरी त्याने पाठीचा मधला भाग असा कापू नये की उरलेल्यांना दोन अरुंद पट्ट्या राहतील. वसईकर म्हणतो, मग एवढं वजन गर्दीतून मी कशाला वाहू? त्याचंही खरं आहे. झाडसालीत कमावलेलं कातडं दुमडता येत नाही, घडीवर कायमची रेघ राहते. ते गुंडाळूनच न्यावं लागतं. सतरंजीएवढं ते भेंडोळं घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं हे काम ज्याने एकदा केलंय, तो दुसऱ्यांदा त्याचा मोबदला मागणारच.

झाडसालीचं म्हटलं, कारण दुकानात दोन प्रकारचं कातडं असतं आणि नवख्याला ते ओळखू येत नाही. जगातलं बहुतेक कातडं आज क्रोमियमच्या क्षारांत कमावतात. ते काम एखाद-दोन दिवसांत होतं, माल मऊ राहतो, पाण्याला फारशी दाद देत नाही, पण कडा घासून चमकत नाहीत आणि ओल्या कातड्यावर उठवलेली नक्षी टिकत नाही. आमच्यासारख्यांना हवं असतं ते दुसरं, सालींच्या आणि फळांच्या अर्कात आठवडेच्या आठवडे मुरलेलं. कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावायची जुनी रीत आहे. खाल शिवून पिशवी करायची, तिच्यात अर्क भरायचा आणि ती टांगून ठेवायची. दक्षिणेकडे तरवडाची साल वापरायचे. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरलेला तरवड आपण घटस्थापनेच्या सुमारास बघतो, तोच. दुकानदार 'व्हेज' म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्यात हे सगळं असतं. कोऱ्या मालावर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. शोषला जाऊन तिथे गडद डाग उमटला, तर बहुधा झाडसालीचं.

या कातड्याची एक खोड आहे. त्याला लोखंड चालत नाही. सालीतलं टॅनिन, ओल आणि लोखंड हे तिघं एकत्र आले की काळा-निळा ठिपका पडतो आणि तो सहजी जात नाही. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे कानस चालवलेल्या टेबलावर कातडं ठेवायचं नाही हा काकांचा कडक नियम. वसईकराने त्याच खोडीचा रंग केला. घासणीतली लोखंडी तार व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवली आणि ते पाणी कातड्यावर फिरवलं. आमच्यासमोर विटकरी कातडं बघता बघता काळं झालं, आणि तो काळेपणा नुसता वर बसलेला नव्हता, आत उतरला होता. बाईंना नवल वाटलं नाही. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी करतच होते की, म्हणाल्या. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, हिरड्यात टॅनिन. वसईकराने परदेशी व्हिडिओ बघून केलेला प्रयोग पोथ्या लिहिणाऱ्यांच्या दौतीत आधीपासून होता.

सामानाच्या बाबतीत बाई आमच्यात सगळ्यात चिकाटीच्या. कातड्याची कड घासून गुळगुळीत करायला एक जपानी मलम मिळतं, त्याची छोटी बाटली परवडत नाही अशातला भाग नाही, पण ती संपली की पुढची येईपर्यंत काम अडतं. जुन्या पद्धतीत कडेला ट्रॅगाकंथ डिंक लावत. बाईंनी त्याऐवजी कांडोळाचा डिंक आणला. कांडोळ म्हणजे उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन जंगलात पांढराफटक उभा राहणारा, ज्याला भुत्याही म्हणतात तो. त्याचा डिंक जगभरच्या व्यापारात ट्रॅगाकंथला पर्याय म्हणून गेलेला आहे. रात्री पाण्यात भिजत घातला की सकाळी फुगून जेलीसारखा होतो. कडेवर बोटाने लावायचा, जाड कापडाने घासायचं. जपानी मलमाइतकी काचेसारखी चमक येत नाही, पण नव्वद टक्के काम होतं. मुंबईच्या उकाड्यात तो चार दिवसांत आंबतो, म्हणून बाई थोडा थोडा भिजवतात आणि डब्या भरून वाटतात. कडेसाठी डॉक्टरांची युक्ती मात्र सगळ्यांवर ताण. दवाखान्यातल्या, दात तासायच्या जुन्या मायक्रोमोटरला त्यांनी लाकडाची खाचेची मूठ बसवली. पाकिटाची कड तिच्यावर धरली की गरम होऊन एका मिनिटात चकाकते. ती मोटर ते कुणाला देत नाहीत. कडा करून देतात.

हत्यारांचं देणं-घेणं सामानापेक्षा नाजूक असतं. उदाहरणार्थ टाक्यांची भोकं पाडायचे दात्यांचे काटे. दोन दात्यांमधलं अंतर ३.८५ मिलिमीटर असेल तर इंचाला साधारण साडेसहा टाके पडतात, ३.३८ असेल तर साडेसात. कागदावर हा फरक काहीच नाही. हातात पाकीट घेतलं की एक राकट दिसतं, दुसरं नाजूक. आपल्याला कुठलं आवडतं ते दुकानाचं चित्र बघून कळत नाही, आठवडाभर कुणाचा तरी काटा उसना आणूनच कळतं. पॅरिसमध्ये १८२३ पासून असली हत्यारं करणारी पेढी आहे, तिचा एक जुना काटा डॉक्टरांना चोर बाजारात भंगारात मिळाला. तो आमच्यात फिरतो. त्याची अट एकच : खाली मऊ प्लास्टिकचा पाट असल्याशिवाय ठोकायचा नाही. दाता एकदा मोडला की मोडला.

काका विकत घेण्याच्याच विरुद्ध आहेत. त्यांचं दुकान म्हणजे नागदेवी स्ट्रीट आणि भंगार. यांत्रिक करवतीचं जुनं पातं उत्तम पोलादाचं असतं. ते तुकडे करून, सावकाश, पाण्यात बुडवत बुडवत घासून काका त्याची कातडं पातळ करायची सुरी करतात. घाई केली तर पोलाद निळं पडतं आणि धार टिकत नाही. सायकलच्या स्पोकची भोकं पाडायची आरी, छत्रीच्या काडीचा खुणा करायचा दाभण, टेबलाच्या मोडक्या पायाची मोगरी. आमच्यापैकी प्रत्येकाकडे त्यांच्या हातचं एक तरी हत्यार आहे. पैसे घेत नाहीत. कुणी महाबळेश्वरला गेलं तर मेण आणायचं, कुणाची मुलगी परदेशातून येणार असेल तर जर्मन मेणदोऱ्याचं रीळ किंवा बोथट टोकाच्या इंग्लिश सुया मागवायच्या, एवढीच त्यांची अपेक्षा. टोक बोथट का? कारण भोक आधीच पाडलेलं असतं. टोकदार सुई आधीच्या टाक्याच्या दोऱ्यात घुसते आणि मग सगळंच उसवावं लागतं.

इथपर्यंतचं सगळं छान आहे आणि अशा छान गोष्टी मंडळी एकमेकांना कौतुकाने सांगतात. मला त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. ते काय, हे दोन प्रसंगांत दिसलं.

पहिला आमच्यातलाच. बाईंनी एक कार्डचं पाकीट बसवलं होतं. एकाच तुकड्याच्या तीन घड्या, शिवण फक्त दोन बाजूंना, आणि कार्डं बाहेर सरकू नयेत म्हणून आतल्या कडेला एक हलकी गोलाई. ती गोलाई जमवायला त्यांनी कागदाचे किती नमुने फाडले असतील देवाला ठाऊक. पुठ्ठ्याचा तयार नमुना त्यांनी सगळ्यांना दिला. आमच्या ओळखीतल्या एकाने, आता तो आमच्यात येत नाही, ते पाकीट विकायला सुरुवात केली. एका प्रदर्शनात स्टॉल लावला, पाकिटाला झकास नाव दिलं. बाईंना ते त्यांच्या विद्यार्थिनीकडून कळलं. त्या भांडल्या नाहीत. पुढच्या वेळी वाटे करायला आल्या तेव्हा नवीन पिशवीचा नमुना घरी विसरला म्हणाल्या. त्यानंतरही विसरतच राहिला.

कोण चुकलं यावर आम्ही खूप बोललो. डॉक्टर म्हणाले, दिलेला नमुना दिला, त्याच्यावर आता हक्क कसला? वसईकर म्हणाला, निदान सांगायचं तरी. मला वसईकराचं पटलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो हाच होता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. त्या दिवसांत आपण सगळे चपलेच्या बाजूने तावातावाने बोलत होतो. बाईंच्या पाकिटाच्या बाजूने एवढ्या तावाने कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा.

पण या प्रसंगात मला जास्त खटकलं ते वेगळंच. विकणारा मुलगा नोकरी गेल्यामुळे विकत होता. आमच्या उदार देवाणघेवाणीत तो बसेना, कारण त्याला आता पाकिटावर वीज-बिल भरायचं होतं. आमच्यातलं कुणीही उद्या हत्यारं पेटीत टाकून बसलं तरी कुणाच्या घरी चूल बंद पडणार नाही. म्हणून आम्ही एकमेकांना सुऱ्या, नमुने, डिंकाच्या डब्या सहज देऊ शकतो. गुपित राखायची गरज ज्यांना नाही अशांची ती दिलदारी आहे. ती खोटी नाही, पण स्वस्त आहे, एवढं तरी म्हणायला हवं.

दुसरा प्रसंग स्टेशनबाहेरचा. आमच्या स्टेशनच्या जिन्याखाली चपला शिवणारे एक काका बसतात. सरकारी कागदात त्यांना गटई कामगार म्हणतात, त्यांच्यासाठी पत्र्याच्या स्टॉलची योजनाही आहे. यांना स्टॉल मिळालेला नाही. एक लाकडी पेटी, तीन पायांची लोखंडी ऐरण, मेणाचा काळा गोळा, कातडं कापायची रापी आणि आरी. मूळचे सातारा जिल्ह्यातले. माझ्या बॅगेचा बंद त्यांनी शिवला तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. आम्ही दोन सुयांनी एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच भोकातून उलटसुलट ओढतो. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो, म्हणून खोगीर शिवणाऱ्यांनी ती रीत पिढ्यानपिढ्या टिकवली. काकांकडे सुई नाहीच. त्यांच्या आरीला टोकाशी खाच आहे. आरी कातड्यातून आरपार घालायची, खालच्या हाताने खाचेत दोरा अडकवायचा, वर ओढून त्याचा फास करायचा आणि वरच्या दोऱ्याचं टोक त्यातून काढून घट्ट आवळायचं. भोक पाडणं आणि शिवणं एकाच हालचालीत. मी सकाळभर जेवढं शिवते तेवढं ते चहा गार व्हायच्या आत शिवतात. याच आरीने कच्छच्या मोच्यांनी कातड्यावर, मग कापडावर भरतकाम केलं, आणि लग्नाच्या ब्लाउजांवर आज जी आरीची नक्षी आपण मिरवतो तिची मुळं तिथे आहेत.

मला ते शिकायचं होतं. विचारलं तर म्हणाले, "सकाळी आठ ते दहा मला बोलवू नका ताई, धंद्याचा टाइम. दुपारी या. तासाचे पैसे घेईन."

किती, तेही त्यांनी सांगितलं, आणि ते त्यांच्या दुपारच्या एका तासाच्या कमाईपेक्षा जास्त होते. मी दिले. रापीला धार लावून देण्याचे वेगळे. आरी कशी धरायची ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "ढकलायची नाय, फिरवत न्यायची," आणि मग उरलेला तास माझा हात धरून दुरुस्त करत बसले. मी आमच्या वाट्यांच्या वेळी हे सांगितलं तर डॉक्टर नाराज झाले. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याकडे चपला शिवून घेता आणि त्यांनी शिकवायचे पैसे मागितले? दात नुसता बघायचे पैसे घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याची गंमत त्यांच्या लक्षात आली नाही. बाईंच्या आली.

माझ्या मते काकांनी बरोबर केलं. आमच्यात पैसे मागणं असभ्य समजतात. त्यांना न मागणं परवडत नाही, आणि मुळात त्यांच्या कसबाला फुकट समजण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. माझ्या माहेरी कातडं म्हणजे उंबऱ्याबाहेर ठेवायची वस्तू. वहाणा बाहेर, पट्टा काढून जेवायचं, देवळात पाकीटसुद्धा बाजूला. तबला आणि मृदंग मात्र थेट देवापुढे चालायचे. त्यांच्या पुड्या कुणी मढवल्या हे कुणी विचारत नसे. कातडं कमावायचं एका जातीने, शिवायचं दुसरीने, मेलेलं जनावर ओढायचं तिसरीने, ही वाटणी गावोगाव ठरलेली होती. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा तो व्यवसाय बदलायचा सल्ला नव्हता. आज मी त्याच कातड्याला रविवारी तेल चोळते आणि त्याला छंद म्हणते. माझी आई आता कौतुकाने माझं पाकीट वापरते. सोवळ्यात नाही, पण वापरते. मी बनवलं म्हणून ते कातडं घरात आलं. जिन्याखालच्या काकांनी बनवलेलं आलं असतं का, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे.

धारावीत हा प्रश्न जास्त उघडा दिसतो. तामिळनाडूतून आलेल्या मुसलमान कमावणाऱ्यांनी तिथे कारखाने घातले, कारण बांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता. पुढे कत्तलखाना देवनारला गेला, कमावण्याचं काम शहराबाहेर सरकलं आणि धारावीत राहिलं ते कापणं, शिवणं, विकणं. माल आता चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून येतो. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंनाही लागू झाला आणि कातड्यावर जगणाऱ्या अनेकांच्या हातचं काम गेलं. म्हशीवर बंदी नाही, म्हणून आमच्या साइडी म्हशीच्या. माझ्यासारखीला त्या कायद्याची झळ म्हणजे कातड्याच्या पोताचा दाणा जरा मोठा, भाव जरा चढा. काही कारागिरांनी कातडंच सोडलं. सुधीर राजभर यांच्या 'चमार स्टुडिओ'ने अशाच कारागिरांना घेऊन पुनर्वापराच्या रबराच्या पिशव्या केल्या, आणि जी जात शिवीसारखी वापरली जायची तिचंच नाव लेबलावर लावलं. त्या पिशव्यांची शिवण मी हातात घेऊन बघितली आहे. रबरावर चुकलेली आरी लपत नाही. त्यावर इतकं सरळ शिवणं म्हणजे चेष्टा नव्हे.

जिन्याखालच्या काकांशी आमचा व्यवहार आता बसलाय. पोटाचे तुकडे आम्ही त्यांना वजनावर विकतो. टाचेखाली, चपलेच्या आतल्या थराला त्यांना ते चालतं, आणि ते भाव पाडून घेतात. एकदा मी जर्मन दोऱ्याचं उरलेलं अर्धं रीळ त्यांना दिलं. त्यांनी दात लावून ओढून बघितलं, मेण चांगलंय म्हणाले आणि परत केलं. बारीक आहे, चपलेला कापेल. त्यांना हवा होता जाड नायलॉनचा, अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतो तो, आणि धार लावायचा चांगला दगड. दगड फिटर काकांनी शोधून दिला. दोघांची तेव्हापासून गट्टी आहे. दोघंही सुरीची धार अंगठ्याच्या नखावर बघतात आणि दोघांनाही डॉक्टरांच्या मोटरचं हसू येतं. जिन्याखालच्या काकांची रापी बघून फिटर काकांनी तशी एक केली, नेऊन दाखवली. त्यांनी ती घेतली, एका चपलेचा तळ तासला, पात्याचा कोन जरा उतरवा म्हणाले. फिटर काका घरी येऊन तीन दिवस कोन उतरवत होते. या वस्तूंच्या बदल्यात पैसे फिरले का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा आमच्यात आलाय. त्याने विचारलं, सुरुवातीला काय काय घेऊ? मोबाइलवर त्याच्या टोपलीत हत्यारांचा भलामोठा संच होता, त्यातली निम्मी त्याला वर्षभर लागणार नव्हती. मी त्याला दोन सुया, मेणदोरा, एक पट्टी, एक आरी आणि पेटीतलं कात्रण दिलं. फिटर काकांनी सुरी दिली, बाईंनी डिंकाची डबी. बाईंनी पाकिटाचा नमुनाही दिला, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने आपलं नाव घातलं. तेवढ्याने तो सगळं शिकेल असं नाही, म्हणून त्याला जिन्याखालच्या काकांकडेही पाठवलंय. दुपारी दोननंतर जा, आधी तासाचा भाव विचार, आणि घासाघीस करू नकोस, असं सांगून.

तो म्हणाला, "तुमच्या ओळखीचे आहेत ना, मग पैसे?"

"ओळखीचेच आहेत," मी म्हटलं, "सुटे घेऊन जा."